स्क्रूज सुधारला की नुसता टरकला?

कोपऱ्यातला
नमस्कार मंडळी. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' लहानपणी कुठल्याशा संक्षिप्त आवृत्तीत वाचली होती. मूळ पुस्तक गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सबंध वाचलं. छोटंसंच आहे, दोन संध्याकाळी पुरल्या. पण तेव्हापासून एक खोडसाळ प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. लंडनमधला म्हातारा पेढीवाला एबेनेझर स्क्रूज. एक नंबरचा कंजूष, माणूसघाणा. त्याचा भागीदार जेकब मार्ले सात वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या रात्रीच वारलेला. यंदा त्याच रात्री मार्लेचं भूत साखळदंड ओढत येतं आणि तुझ्याकडे आणखी तीन भुतं येणार आहेत म्हणून बजावून जातं. एक भूतकाळाचं, एक वर्तमानाचं, एक भविष्याचं. तिसरं भूत स्क्रूजला त्याचंच थडगं दाखवतं. स्क्रूज त्याचा हात धरून रडतो, गयावया करतो. सकाळी उठतो तो देवमाणूस होऊन.

आता मला सांगा, ही सुधारणा म्हणायची का? फौजदाराने चार रट्टे दिल्यावर चोरसुद्धा कबुली देतो. साडेसाती लागली म्हणून शनिवारी मारुतीला तेल घालणारे आपल्याकडे काय कमी आहेत? साडेसाती संपली की तेलही संपतं. माझ्या मते स्क्रूज सुधारला नाही, टरकला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज
रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचेन.

शेवटचं_पान
साफ असहमत. कोपऱ्यातला, तुम्ही पुस्तक सबंध वाचलंत म्हणता, पण क्रम विसरलात.

थडगं येतं ते चौथ्या भागात. (डिकन्स या भागांना गाण्याची कडवी असल्यासारखं नाव देतो, एकूण पाच.) पहिलं भूत त्याला नेतं त्याच्या शाळेत. सगळी पोरं सुट्टीला घरी गेलीत आणि हा एकटाच वर्गात बसून पुस्तक वाचतोय. म्हातारा स्क्रूज ते बघून रडतो आणि लगेच म्हणतो, काल रात्री दाराशी एक पोरगा गाणं म्हणत होता, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. हाच स्क्रूज त्या पोराच्या अंगावर रूळ घेऊन धावला होता! पुढे त्याचा पहिला मालक फेझिविग नोकरांसोबत नाचताना दिसतो, तेव्हा म्हणतो, आत्ता माझ्या कारकुनाशी दोन शब्द बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या भुताला त्याच कारकुनाच्या पांगळ्या पोराबद्दल विचारतो, टायनी टिम जगेल ना?

यात भीती कुठे आहे? कोणी धमकी दिली? तिसरं भूत येतं तेव्हा तर हा स्वतःच सांगतो की मला वेगळा माणूस होऊन जगायचंय, चल, मी आभार मानत येतो. थडगं म्हणजे फक्त शेवटचा शिक्का.

कोपऱ्यातला
@शेवटचं_पान, शाळेचा मुद्दा मान्य. पण सगळ्यांच्या आधी मार्ले येऊन गेलाय हे तुम्ही सोयीस्करपणे वगळलंत. 'माझी साखळी बघ, तुझी सात वर्षांपूर्वीच एवढीच जड होती आणि त्यात तू अजून भर घातलीस,' असं सांगून जातो तो. पहिलाच डोस भीतीचा आहे, बाकी सगळं त्याच्या अंमलाखाली.

पुराव्यानिशी
त्या आधी हिशेब लावून द्या. मार्ले म्हणतो पहिलं भूत उद्या रात्री एक वाजता, दुसरं परवा, तिसरं तेरवा. म्हणजे तीन रात्री. स्क्रूज झोपतो दोन वाजून गेल्यावर. उठतो तेव्हा घड्याळात बाराचे ठोके. आणि सगळं आटोपून जाग येते तेव्हा रस्त्यावरचा पोरगा म्हणतो, आज नाताळ! तीन रात्री एका रात्रीत बसल्या कशा?

चहाबाज
भुतांनी कामं क्लब केली असणार. साहेब लोक दौरे करतात तशी.

शेवटचं_पान
@पुराव्यानिशी, स्क्रूजलाही हाच प्रश्न पडतो आणि तोच उत्तर देतो: भुतांनी सगळं एका रात्रीत उरकलं, त्यांना हवं ते करता येतं. लेखकाने कबूल केलेल्या चुकीला चूक म्हणत नाहीत. ;)

खर्डेघाशी
मी एका बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे मला या गोष्टीत भुतांपेक्षा कारकून जास्त दिसतो. बॉब क्रॅचिटला आठवड्याला १५ शिलिंग पगार. नाताळची सुट्टी मागतो तेव्हा स्क्रूज म्हणतो, तुझा अर्धा क्राऊन कापला तर तुला अन्याय वाटेल, पण काम न करता मी पगार द्यायचा तो अन्याय नाही? अर्धा क्राऊन म्हणजे अडीच शिलिंग. आठवड्याचे सहा दिवस कामाचे, १५ भागिले ६, बरोब्बर अडीच. डिकन्सने आकडा हवेतून उचललेला नाही, एक दिवसाचा पगार चोख काढलाय.

आणि तो कोळशाचा डबा! स्क्रूज तो स्वतःच्या खोलीत ठेवतो. बॉब बिचारा मेणबत्तीवर हात शेकतो. आमच्या एका शाखेत साहेब स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन फिरत. नवी रिफिल हवी तर जुनी रिकामी रिफिल उजेडात धरून दाखवावी लागे. हा प्रसंग वाचताना मला तोच उजेड आठवला.

मूळ प्रश्नावर नंतर येतो. गुडघ्याला शेक घ्यायची वेळ झाली.

उंडगा
रिफिल :हहगलो:
अवांतर: या माणसाला मराठीत नेमकं काय म्हणाल? कंजूष फार सौम्य वाटतं.

आजी_ऑनलाईन
कद्रू. चिंगूस. कवडीचुंबक. चामडी गेली तरी दमडी सोडायचा नाही असा.

उंडगा
आज्जी, कवडीचुंबक भारी. अत्र्यांचं नाटक ना?

आजी_ऑनलाईन
हो, फ्रेंच नाटककार मोलिएरच्या नाटकावरून केलेलं. पण तिथे गंमत वेगळी. मोलिएरचा कंजूष शेवटपर्यंत सुधारत नाही रे. पोरांची लग्नं ठरतात, सगळे आनंदात, आणि हा निघतो आपली पैशाची पेटी बघायला. मला खरं तर तेच जास्त पटतं. सत्तर वर्षांत मी एकही कंजूष सुधारलेला पाहिला नाही. आमच्या ह्यांच्या आत्याबाईंचं काय सांगू, जाऊ दे, त्या गेल्या आता.

चहाबाज
आत्याबाईंवर वेगळा धागा काढा. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

थेम्सकाठी
इथे लंडनात राहते म्हणून दोन गोष्टी सांगते.

बॉब ऑफिस सुटल्यावर कॉर्नहिलच्या बर्फावरून पोरांच्या रांगेत लागून वीस वेळा घसरगुंडी खेळतो आणि मग कॅम्डन टाउनला घरी धावत सुटतो. मी एकदा हे अंतर चाललेय, पाचेक किलोमीटर भरेल. अंगात ओव्हरकोट नाही, नुसता लोकरी मफलर, ही त्याची थंडीची तयारी. आता दोन्हीकडे भाडी परवडत नाहीत ते वेगळं.

दुसरं, श्रूजबरीला एका चर्चच्या आवारात खरोखर 'एबेनेझर स्क्रूज' असं कोरलेला दगड आहे. १९८४ सालच्या चित्रपटासाठी केलेला, तो तिथेच राहिला आणि लोक बघायला येऊ लागले. कोपऱ्यातला, तुम्ही जाऊ नका, टरकाल.

लाल_शाई
मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. एक म्हातारा सुधारला की टरकला याने काय फरक पडतो? १८४३ सालचं इंग्लंड बघा. १८३४ च्या गरिबांच्या कायद्याने असं केलं होतं की मदत हवी तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना राबवून पोसणाऱ्या आश्रमात या, तिथे नवराबायको वेगळे, पोरं वेगळी. धर्मादायाची वर्गणी मागायला आलेल्यांना स्क्रूज विचारतो, तुरुंग नाहीत का? वर्कहाउसं बंद पडली का? लोक तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करतील असं कळल्यावर म्हणतो, मग मरावं, जास्तीची लोकसंख्या तरी कमी होईल. हे एका विक्षिप्त माणसाचं बोलणं नाही. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते म्हणणाऱ्या माल्थसच्या नावाने तेव्हा शिकलेसवरलेले लोक हेच बोलत होते. आणि अशा व्यवस्थेवर डिकन्सचा उपाय काय? मालकाला स्वप्न पडावं! बॉबचा पगार वाढला. शेजारच्या पेढीतल्या कारकुनाचं काय?

थेम्सकाठी
@लाल_शाई, मुद्दा रास्त आहे, पण डिकन्सवर थोडा अन्याय होतोय. त्या वर्षी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी अहवाल आला होता. तो वाचून तो हादरला आणि गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढायचं त्याने ठरवलं. सप्टेंबरात फील्ड लेनच्या गरीब पोरांच्या शाळेत जाऊन आला. मग पत्रकाचा बेत बारगळला आणि ऑक्टोबरात ही गोष्ट लिहायला घेतली, सहाएक आठवड्यांत संपवली. पत्रक आज कोणी वाचलं असतं?

शिवाय हा माणूस ऐकीव लिहीत नव्हता. १२ वर्षांचा असताना बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेला आणि हा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता, आठवड्याला सहा शिलिंगांवर.

आणि 'वर्तमान' भुताच्या झग्याखालची ती दोन पोरं? हडकुळी, पिवळी, लांडग्यासारखी बघणारी. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे दैन्य. भूत म्हणतं, दोघांपासून जपा, पण जास्त या मुलापासून. स्क्रूज विचारतो, यांना कुठे आसरा नाही? तर भूत त्याचेच शब्द परत करतं: तुरुंग नाहीत का? हे मालकाच्या स्वप्नाबद्दल नाहीये, वाचणाऱ्याबद्दल आहे.

लाल_शाई
तो प्रसंग जबरदस्त आहे हे मान्यच. बहुतेक लहान मुलांच्या आवृत्त्यांत तोच गाळतात हेही बघा.

पुराव्यानिशी
गरिबीवर लिहून लेखक मात्र गब्बर झाला असेल.

थेम्सकाठी
उलट. १९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक आलं, ६००० प्रती नाताळच्या आत संपल्या. पण छपाईचा खर्च त्याने स्वतः उचललेला. रंगवलेली चित्रं, सोनेरी कडा आणि किंमत फक्त पाच शिलिंग. हजार पौंडांची आशा होती, सुरुवातीला हातात पडले २३० च्या आसपास. जानेवारीत कोणीतरी चोरटी आवृत्ती काढली. हा कोर्टात गेला, जिंकला, आणि चोरांनी दिवाळं काढल्यामुळे खटल्याचे ७०० पौंड याच्याच अंगावर आले.

खर्डेघाशी
बुडीत खातं.

डॉ_पाचकळ
टायनी टिमला नेमकं काय झालं होतं यावर आमच्या जमातीने लेख पाडलेत. कोणी म्हणतं मुडदूस, कोणी क्षय, कोणी मूत्रपिंडाचा विकार. एक गोष्ट नक्की, पैसा आल्यावर पोरगं जगलं. त्या काळात यालाच निदान म्हणायला हरकत नाही.

वसईवाली
आमच्याकडे घराघरात करंज्या, केक, कंदील चालू आहेत आणि तुम्ही आजच्या दिवशी हा धागा काढलात! नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना.

मला त्यातलं क्रॅचिटांचं जेवण सगळ्यात आवडतं. घरात भट्टी नाही म्हणून ते हंस बेकरीत भाजून आणतात. पुडिंग फडक्यात बांधून हंड्यात शिजवलेलं, त्यामुळे बाहेर काढल्यावर त्या फडक्याचा धोबीघाटासारखा वास येतो. मग ते तोफगोळ्यासारखं पुडिंग ब्रँडीच्या ज्वाळांत टेबलावर येतं. एवढ्या माणसांत लहान आहे असं कोणी बोलत नाही, मनातसुद्धा आणत नाही. तसं बोलायची त्यांना लाजच वाटली असती, असं डिकन्स म्हणतो.

आजी_ऑनलाईन
बेकरीत भाजून आणायचं म्हणजे आमच्या नानकटाईसारखं! दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत नंबर लावायचा. पोरांना राखणीला बसवायचं, नाहीतर आपल्या तुपाची नानकटाई दुसऱ्याच्या घरी.

उंडगा
मी बसलोय राखणीला! परत येताना डबा अर्धा व्हायचा तो माझ्यामुळे.

वसईवाली
हो आज्जी, तेच! आणि रविवारी या बेकऱ्या बंद ठेवायच्या म्हणून तेव्हा इंग्लंडात खटपट चालू होती. स्क्रूज त्यावरून भुताशी भांडतो, तुमच्या नावाने गरिबांचं आठवड्यातलं एक गरम जेवण काढून घेतात म्हणून. भूत म्हणतं, आमच्या नावाने कोण काय करतं ते आमच्या खात्यावर लिहू नका. हे स्क्रूज बोलतो, तेही दुसऱ्या भुताच्या वेळेला! कोपऱ्यातला, तुमचा टरकलेला माणूस भुताशी वाद घालतोय.

कोपऱ्यातला
हा प्रसंग माझ्या नजरेतून निसटला होता. बघतो.

मुंजाबाबा
आयडीमुळे भुतांवर बोलणं भाग आहे.

आपल्याकडे कंजूष मेला की नाग होऊन पुरलेल्या हंड्यावर बसतो. धन सुटत नाही म्हणून जागा सुटत नाही. मार्लेचं बरोबर उलटं. त्याला बसू दिलेलं नाही. जिवंतपणी पेढीच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, म्हणून मेल्यावर जग हिंडत राहायचं. साखळीला तिजोऱ्या, किल्ल्या, कुलुपं, खतावण्या बांधलेल्या.

आणि तो जातो तेव्हा स्क्रूज खिडकीतून बघतो तर हवेत भुतंच भुतं. त्यातलं एक त्याच्या ओळखीचं, पांढरं जाकीट घातलेलं, घोट्याला लोखंडी तिजोरी. खाली एका दाराशी एक बाई तान्हं पोर घेऊन बसलीय आणि तिला काही देता येत नाही म्हणून ते भूत रडतंय. कढईत तळणं नाही, काटे नाहीत. द्यायची इच्छा झालीय आणि हात राहिला नाही, एवढीच शिक्षा. हे वाचून जो टरकेल तो नेमका कशाला टरकेल? स्वतःच्या मरणाला नव्हे.

शेवटचं_पान
+१. या प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली.

नावात_काय
एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

चौथ्या भागात स्क्रूज भुताला म्हणतो, या मेलेल्या माणसासाठी कोणाला काही वाटलं असेल तर दाखव. भूत एक नवराबायको दाखवतं. ते त्याचे कर्जदार. नवरा घरी येऊन सांगतो की तो मेला. आता कर्ज दुसऱ्या कोणाकडे जाईल, तोवर पैसे जमतील, आणि दुसरा इतका निर्दय तरी नसेल. बायकोच्या तोंडून 'बरं झालं' निघून जातं आणि मग तिला त्याचं वाईट वाटतं. त्या मरणाने कोणाच्या मनात काही हललं असेल तर तो हा सुटकेचा आनंद.

माझ्या वडिलांनी दुकानासाठी व्याजाने पैसे घेतले होते. तो माणूस दर एक तारखेला संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा. शिव्या नाही, आरडाओरडा नाही, नुसता बसायचा. मी सातवीत असताना तो गेला. त्या दिवशी आईने दुपारी चहा केला आणि तासाभराने परत केला. आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा होत नसे. कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी वडील अंत्ययात्रेला गेले.

मला वाटतं स्क्रूजने थडग्याआधी हे पाहिलं ते महत्त्वाचं.

आजी_ऑनलाईन
बाळ, किती नेमकं लिहिलंस.

चहाबाज
माझ्या आयडीची आज लाज वाटली. (चांगल्या अर्थाने.)

खर्डेघाशी
शेक घेऊन आलो, मधल्या वेळात पाचवा भाग परत वाचला. आता मूळ प्रश्न.

सकाळी स्क्रूज रस्त्यावर निघतो तेव्हा कालचे वर्गणीवाले गृहस्थ भेटतात. तो त्यांच्या कानात एक रक्कम सांगतो. रक्कम वाचकाला कळत नाही, पण गृहस्थांचा श्वास अडकतो. आणि स्क्रूज काय म्हणतो? यात मागची बरीच थकबाकी धरली आहे. थकबाकी! दान नाही, देणगी नाही, प्रायश्चित्त नाही. त्याच्या लेखी ही रक्कम वर्षानुवर्षं देय होती आणि थकली होती. घाबरलेला माणूस लाच देतो. थकबाकी भरणारा माणूस वही उघडून बसलेला असतो. हा म्हातारा पेढीवाला होता आणि सुधारला तोही पेढीवाल्यासारखाच.

घड्याळही त्याने सोडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा येतो, ती याने मोजलेली असतात! आधी दरडावतो आणि मग पगारवाढ सांगतो. बॉबला वाटतं याचं डोकं फिरलं, तो रुळाकडे सरकतो.

शेवटचं_पान
@खर्डेघाशी काका, साष्टांग. आणि टर्की? ती बॉबकडे पाठवताना म्हणतो, कोणी पाठवली ते त्याला कळता कामा नये. थडग्यावरच्या नावाला भ्यायलेला माणूस नाव लपवून टर्की पाठवेल?

कोपऱ्यातला
काल रात्री पहिला आणि पाचवा भाग शेजारी ठेवून वाचले. 'टरकला' पूर्ण मागे घेत नाही, मार्लेच्या साखळीला तो टरकलाच. पण एक गोष्ट सापडली, ती खर्डेघाशी काकांसाठी.

टर्की आणायला तो रस्त्यावरच्या पोराला पिटाळतो. म्हणतो, दुकानदाराला घेऊन ये, एक शिलिंग देतो. पाच मिनिटांच्या आत आलास तर अर्धा क्राऊन.

आदल्या दिवशी ज्या अर्ध्या क्राऊनवरून बॉबला ऐकवलं, तोच.

खर्डेघाशी
एक दिवसाचा पगार, पाच मिनिटांना. हे माझ्या हातून सुटलं! ३४ वर्षं वाया.

उंडगा
पण तो पोरगा पाच मिनिटांत आला का?

शेवटचं_पान
पुस्तकात सांगितलेलं नाही. दुकानदाराचे पैसे, घोडागाडीचं भाडं आणि पोराची बिदागी त्याने खुदुखुदु हसत चुकती केली, एवढंच आहे. आकडा नाही.

खर्डेघाशी
व्हाउचर नाही. ऑडिटला लागणार.